तिच्या घरची तोडणी माझ्याकडे होती

दुर्ग माझ्या घरापासून स्कूटीने पंचवीस मिनिटांवर आहे. तिथे माझी एक मैत्रीण राहते, पाचवीपासूनची. दिवाळीला तिचा फोन येतो, संक्रांतीला माझा जातो. "बरी आहेस?" "बरी आहे. तू?" "बरी." एवढं बोलून आम्ही फोन ठेवतो. जिच्याशी मी दिवसातून चार वेळा भांडायचे, तिला आता वर्षातून दोनदा बरी आहे म्हणून सांगते. मला ती परत हवी आहे. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण मला आडून आडून लिहिता येत नाही. ती का गेली हे सांगायचं तर मात्र भाजीच्या वाडीपासून सुरुवात करावी लागेल.

आम्ही दोघी छत्तीसगडातल्या, चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतल्या. माझे वडील गँगमन होते. आई भंडाऱ्याकडची, शाळेचं तोंड न पाहिलेली. आईकडचे आणि वडिलांकडचे सगळे धरले तरी कॉलेजात गेलेली मी पहिली. लोकलने दुर्गला जाऊन-येऊन बी.ए. केलं, मग हट्टाने बी.एड. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या असतात त्यांना तो लपवणं परवडतं.

मैत्रिणीचं दहावीनंतर लगेच लग्न झालं, मालगाडीच्या गार्डाशी. माझं बऱ्याच वर्षांनी झालं, लोको शेडमधल्या फिटरशी. दोघींनाही क्वार्टर मिळालं ते याच कॉलनीत, तिचं माझ्या मागच्या लाइनीत. माझ्या पदवीचा तिला माझ्याहून जास्त तोरा. मला नावाने हाक मारायचीच नाही. "ए बीएड," अशी हाक यायची, सगळ्या लाइनीला ऐकू जाईल अशी.

दोन्ही लाइनींच्या मागे, क्वार्टरांच्या आणि यार्डाच्या भिंतीच्या मध्ये एक लांबट पट्टा पडीक होता. बेशरमाची झुडपं, फुटकी भांडी, आणि कुठून कुठून येऊन पडलेली गिट्टी. पाण्याच्या टाकीतून वाहून जाणारं पाणी तिथे साचायचं आणि त्यात डुकरं लोळायची. एका उन्हाळ्यात आम्ही चौघींनी तो पट्टा साफ केला. मी, मैत्रीण, आमच्या शेजारच्या काकू आणि दीदी. काकू म्हणजे नागपूरकडच्या. नवरा गेल्यावर रेल्वेच्या ऑफिसात शिपाई म्हणून लागलेल्या, तोंडाने तिखट. दीदी छत्तीसगडी, पाटणजवळच्या खेड्यातली, तिचा नवरा ट्रॅकमन. आमच्यात माती कळणारी ती एकटीच. आम्ही तिघींनी कुदळ मारली की खणकन गिट्टी लागायची. ती पायाचा अंगठा मातीत रुतवून सांगायची, इथे नाही, तिथे.

दोन महिने आम्ही गिट्टीच वेचली. मी बी.एड.च्या वहीत वाफ्यांचा नकाशा काढून आणला होता, पट्टीने आखून. मैत्रिणीने तो उलटा-सुलटा करून पाहिला.

"यात डुकरं कुठं दाखवली वं?"

"डुकरं येणार नाहीत. कुंपण आहे न, हे पाय."

"डुकरायले नकाशा वाचता येते का?"

काकू हसून हसून बांधावर बसल्या. नकाशा दीदीने घडी घालून कमरेला खोचला आणि वाफे आपल्या मनाने पाडले. डुकरं आलीच. मग पोत्याच्या पट्ट्या शिवून आणि बेशरमाच्याच काठ्या रोवून कुंपण केलं, ते टिकलं.

पहिल्या हंगामात भेंडी आणि गवार लागली तेव्हा वाटणीचा प्रश्न आला. मी म्हटलं, चार भाग करू, एकेक वाफा एकेकीचा. दीदीने मान हलवली. तिच्या माहेरी जावा-जावांची एक सामायिक बाडी होती, तिथला नियम तिने आम्हाला सांगितला. अपन बर अपन हाथ ले झन टोरव. आपल्यासाठी आपल्या हाताने तोडायचं नाही. मी तुझ्या घरासाठी तोडायचं, तू तिच्या, तिने आणखी कोणाच्या. का, तर आपल्या भुकेचे डोळे मोठे असतात.

काकूंना ते पटेना. "म्हणजे माह्या घरी काय शिजते ते दुसरीनं ठरवायचं? वा रे वा!" पण करून पाहू म्हणाल्या. दीदीने माझ्या घरचं तोडायचं, मी मैत्रिणीच्या, मैत्रिणीने काकूंच्या, काकूंनी दीदीच्या. गुरुवारी आणि रविवारी सकाळी. टोपली मागच्या दारात ठेवायची आणि निघून यायचं. टोपलीत काय आहे यावर बोलायचं नाही, तक्रार करायची नाही. दुसऱ्या कोणाच्या टोपलीत डोकावायचं नाही, हाही त्या नियमातलाच एक भाग होता. जिचं घर तिच्याकडे.

ऐकायला सोपं वाटतं. पण दुसऱ्याच्या घरासाठी तोडायचं म्हणजे ते घर माहीत असावं लागतं. आज जेवायला किती माणसं आहेत, कोण ड्युटीवर बाहेर गेलंय, कोणाचा उपास आहे, कोणाला दात नाहीत म्हणून वांगं कोवळं पाहिजे. विचारायचं नाही असं काही नव्हतं, पण विचारावं लागलं तर काकू टोमणा मारायच्या: "एवढंही माहीत नाही? मग शेजारी कावून राहते?" त्यामुळे आम्ही एकमेकींच्या घरांकडे लक्ष ठेवायला लागलो. दोरीवर वाळणारे कपडे पाहायचे, दारातल्या चपला पाहायच्या, कुकरच्या शिट्ट्या ऐकायच्या.

दीदी यात उस्ताद होती. एकदा मी सकाळी सासूशी मोठमोठ्याने भांडले. त्या रविवारी टोपली उघडली तर कारली, नुसती कारली, वरून शोभेला सांभार म्हणजे कोथिंबीरसुद्धा नाही. मी तरातरा वाडीत गेले. ती पाठमोरी निंदण करत होती, खांदे हलत होते. हसत होती.

आणि एकदा शिक्षकभरतीच्या परीक्षेत माझं नाव यादीत नव्हतं. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. त्या गुरुवारी टोपलीत फक्त भेंडी आली. एकसारखी, बोटाएवढी, मला आवडते तशी, एकेक निवडून तोडलेली. तेवढी कोवळी भेंडी मिळवायला सगळ्या ओळी दोनदा फिराव्या लागतात. मी मागच्या दारात उभी राहून रडले. तिला कसं कळलं ते मी कधी विचारलं नाही. बहुतेक मी त्या दिवशी दळण आणायला गेले नव्हते, तेवढ्यावरूनच.

मीही सुरुवातीला चांगली तोडायचे. मैत्रिणीच्या घरी पाच माणसं: ती, नवरा, सासू, मुलगा, मुलगी. नवरा गाडी घेऊन गेला की दोन-दोन दिवस येत नसे, तेव्हा कमी. सासूला अंबाडी चालायची नाही, पित्त व्हायचं. मुलगी भेदरं, म्हणजे टोमॅटो, कच्चीच खायची, म्हणून चार हिरवी वेगळी. मी ठेवलेली टोपली ती उचलायची आणि संध्याकाळी वाडीत पाणी घालायला आली की एखादा शब्द टाकायची. "बीएड, आज हिशोब बरोबर." तेवढंच प्रशस्तिपत्र. मला विद्यापीठाचं मिळालं तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं. नाही, हे खोटं आहे. विद्यापीठाचं मिळालं तेव्हा जास्तच बरं वाटलं होतं. पण याचंही वाटायचं.

मग मला शाळेत नोकरी लागली. खासगी शाळा, सकाळची. पावणेसातला व्हॅन यायची. मी सहाला उठून मुलीचा डबा करायचे आणि गुरुवारी तशीच पर्स खांद्याला अडकवून वाडीत जायचे. दहा मिनिटांत टोपली भरायची, तिच्या दारात ठेवायची आणि धावायचं. रविवारी पेपर तपासायचे असायचे. साडी खराब होऊ नये म्हणून कडेच्याच झाडांवरचं तोडायचे. हातांना सवय झाली होती. पाच माणसांची भाजी हात आपोआप तोडायचे. मी शाळेतल्या वर्गात असायचे मनाने, कोणाला उद्या काय विचारायचं, मुख्याध्यापिका काय म्हणाल्या. गँगमनच्या मुलीला शाळेत सगळे मॅडम म्हणत होते. तो पहिला वर्षभराचा काळ मी जमिनीवर चालले असेन असं मला वाटत नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणीची मुलं आजीबरोबर गोंदियाला काकाकडे गेली. एवढं मला माहीत होतं. ती सगळी परत आली की नाही, हे मी पाहिलं नाही. नवरा तर नसायचाच, गार्डाची नोकरी. मैत्रीण वाडीत यायची, काकूंच्या घरचं तोडायची, पाणी घालायची. बोलायची कमी. मला वाटलं, मी नोकरीला लागले म्हणून थोडी रुसली असेल. हे वाटून मला जरा बरंही वाटलं होतं. लिहायचं तर हेही लिहिलं पाहिजे.

त्या हिवाळ्यात वाडीला जसं लागलं तसं नंतर कधी लागलं नाही. वांगी अशी की झाडांना टेकू द्यावे लागले. वालाच्या शेंगा, मेथी, भेदरं. मी टोपल्या भरभरून ठेवत होते.

होळी झाल्यावर परीक्षा आटोपल्या आणि एका दुपारी मला खूप महिन्यांनी रिकामा वेळ मिळाला. मी तिच्याकडे गेले. समोरचं दार लोटलेलं होतं. आत पाय ठेवला तर पुढच्या खोलीत, जिथे सासूची खाट असायची, तिथे भिंतीला लागून पिशव्या रचलेल्या. आट्याच्या रिकाम्या पिशव्या, तोंडं सुतळीने बांधलेली. एकीचं तोंड उघडं होतं. मी हात घातला. वांग्याच्या वाळवलेल्या फोडी होत्या. दुसरीत शेंगा, तिसरीत मेथी, चुरचुर वाजणारी. वाळवलेल्या भाजीला आमच्याकडे खुला म्हणतात. उन्हाळ्या-पावसाळ्यासाठी थोडा प्रत्येक घरी करतात. पण हा थोडा नव्हता. एका लग्नाला पुरला असता.

ती मागच्या अंगणातून आली, हात पदराला पुसत.

"काय वं," मी म्हटलं, "भंडारा लावून राहिली का?"

ती हसली नाही.

"पाच माणसायची भाजी एकटीनं किती खावी?" ती म्हणाली. "फेकवत नाही. मंग वाळवत गेली."

मला अजूनही समजलं नव्हतं. "एकटी म्हणजे?"

"एकटी म्हणजे एकटी."

मग मी खोलीकडे पाहिलं. खाट उभी करून भिंतीला टेकवलेली होती. मुलांची दप्तरं ज्या खुंटीला असायची ती खुंटी रिकामी. दोरीवर दोन साड्या. दारात येताना मी चपलांचा एकच जोड ओलांडून आले होते.

तिने सांगितलं ते चार वाक्यांत. नवऱ्याने गोंदियाला बदली मागून घेतली होती, तिला न सांगता. मुलं तिकडच्याच शाळेत घातली. सासू तिकडेच. तिला म्हणाला, आपलं जमत नाही, तू क्वार्टर सांभाळ. आणि आता क्वार्टरही महिनाअखेरीस खाली करायचं होतं. दिवाळीपासून चार महिने होऊन गेले होते.

आणि मी काय म्हटलं? मी, जिला मनात आलं ते तोंडावर बोलायची सवय, मी तिच्यावर चिडले. "तू सांगायचं होतं न मले! इतक्या जवळ राहते मी! एक शब्द तर बोलायचा!"

"काय बोलू? तू आली होती का?"

"वाडीत भेटत होतो न आपण."

"वाडीत काकू राहायच्या, दीदी राहायची. सगळ्यायसमोर सांगू का, माह्या नवऱ्यानं मले टाकली?" ती खाली बसली, उघड्या पिशवीचं तोंड बांधायला लागली. बराच वेळ सुतळीची गाठ बसेना. "तुले खरं सांगू का? मी वाट पाहून राहिली होती. दर गुरुवारी, दर रविवारी. वाटे, आज टोपली हलकी येईन. आज दोनच वांगी येतीन. मंग मी समजीन का हिले कळलं. मंग मले काही सांगा लागणार नाही. तू टोपली ठेवून गेली का मी दार उघडो आन पाहो."

मी रचलेल्या पिशव्या मोजायला लागले.

"दर खेपेले भरगच्च," ती म्हणाली.

मी तिला माझ्या घरी राहायला ये म्हटलं. आत्ताच्या आत्ता चल म्हटलं. ती म्हणाली, "कावून? तुह्या घरी पाव्हणी म्हणून?" मी वाद घातला. वाद घालायला मी नेहमीच पुढे. ती नुसती गाठी बांधत राहिली आणि शेवटी म्हणाली, "जा आता. तुह्या पोरीची शाळा सुटली असन."

बाहेर आले तर दीदी वाडीत होती. मी तिला विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? ती हातातलं खुरपं न थांबवता म्हणाली, "मोला पता रहिस, बहिनी. फेर ओकर घर तोर रहिस." मला माहीत होतं, पण तिचं घर तुझ्याकडे होतं. तिच्या आवाजात दोष नव्हता. मला दोष चालला असता. दीदीला वाटलं होतं की मला माहीत आहे आणि मी मुद्दाम भरून देते आहे, मैत्रिणीला कमीपणा वाटू नये म्हणून. माझ्याबद्दल एवढं चांगलं ती धरून चालली होती.

पुढच्या गुरुवारी मी शाळेला रजा टाकली. सूर्य वर येईपर्यंत वाडीत फिरले. एका माणसासाठी तोडलं. दोन वांगी, काटेरी देठाची, तिला आवडतात ती. मूठभर शेंगा. मेथीचे कोवळे शेंडे. तिच्या दारात टोपली ठेवली आणि पहिल्यांदाच तिथे थांबले.

तिने दार उघडलं, टोपलीत पाहिलं. किती वेळ पाहत होती.

"आता कमी आणून काय करू?" ती म्हणाली. "आता तं साऱ्या कॉलनीले माहीत आहे."

तिने टोपली आत नेली, भाजी ठेवून घेतली, टोपली मला परत दिली. भांडली असती तर मी दुसऱ्या दिवशी परत गेले असते. आम्ही दोघी भांडणाच्या लेकी, भांडण आम्हाला मिटवता यायचं. हे कसं मिटवतात ते मला माहीत नव्हतं.

महिनाअखेरीस ती गेली. दुर्गला तिची मावशी होती, एका मुलींच्या होस्टेलात स्वयंपाक करायची. तिच्याच हाताखाली तिला काम मिळालं. गेली तो रविवार होता. टेम्पो यायच्या आधी ती वाडीत आली आणि काकूंच्या घरचं तोडलं. घाई नाही. काकूंना दात कमी, म्हणून नखाने टोचून पाहत एकेक वांगं घेतलं. काकू त्या दिवशी दारातच उभ्या होत्या, त्यांची तिखट जीभ त्या दिवशी चालेना. "राहू दे न बाप्पा, आजच्या दिवस राहू दे," एवढंच म्हणत होत्या.

"रविवार आहे न काकू," ती म्हणाली आणि टोपली ठेवली.

खुल्याच्या पिशव्या तिने आम्हा तिघींच्या घरी वाटून दिल्या. मला दोन जास्त आल्या. त्या पावसाळ्यात वाडीत पाणी तुंबलं आणि बाहेर भाजी महाग झाली, तेव्हा आम्ही तेच खाल्लं. वांग्याच्या फोडी भिजवून, लसणाची फोडणी देऊन. माझी मुलगी ताट चाटूनपुसून खायची आणि म्हणायची, आई, ही भाजी फार चांगली आहे. होतीच चांगली. तिने प्रत्येक फोड एकसारख्या जाडीची कापली होती.

वाडी तिच्यामागे दोन वर्षं चालली. मी काकूंचं तोडायला लागले. मग काकू निवृत्त होऊन मुलाकडे गेल्या, आणि दीदीच्या नवऱ्याची बदली झाली. दीदीने जाताना सगळं बियाणं मला दिलं. मी एकटीने एक हंगाम लावून पाहिला. भाजी आली, पण तोडायची कोणासाठी? आपल्याच हाताने आपल्यासाठी तोडताना चोरी केल्यासारखं वाटायचं. आम्ही स्मृति नगरला घर बांधलं आणि कॉलनी सोडली.

आता माझ्या गच्चीवर कुंड्या आहेत. शेजारणी म्हणतात, मॅडम, तुमचा हात चांगला आहे. बाजारात मी भाजीवालीसमोर उभी राहते तेव्हा ती विचारते, किती देऊ? मला दर वेळी एक क्षण लागतो. एवढ्या वर्षांत कोणीतरी माझ्या घराकडे पाहून ठरवेल आणि दारात ठेवून जाईल, ही आस गेलेली नाही. माझ्या दोरीवर काय वाळतंय ते कोणी पाहत नाही. इथल्या घरांच्या दोऱ्या मागच्या बाजूला, जाळीच्या आत असतात.

गेल्या हिवाळ्यात मी दुर्गला गेले. फोन न करता. पत्ता होता माझ्याकडे, वास्तुशांतीच्या पत्रिकेसाठी घेतलेला. दोन खोल्यांचं घर, खाली किराण्याचं दुकान. तिने दार उघडलं आणि क्षणभर ओळख पटायला वेळ लागला असं दोघींनीही दाखवलं.

"ये न. अशी अचानक?"

केस पांढरे झालेत तिचे, रंगवत नाही. चहा ठेवला. मी बसल्या जागेवरून घर पाहत होते. ताटाळ्यात तीन ताटं. खिडकीत नर्सिंगची पुस्तकं. दाराशी कारखान्यात घालतात तसे जाड बूट.

"पाहून राहिली का?" स्वयंपाकघरातून ती म्हणाली.

मला चोरी पकडल्यासारखं झालं. "हाव."

"पाय. पोरगी नर्स आहे, पुढचं शिकून राहिली, पोरगा हथखोजले कारखान्यात लागला, वेल्डर. अठरा वर्षाचा झाला तसा निघून आला, बापाले न विचारता. त्याच्यामागं पोरगी आली." कप माझ्यासमोर ठेवताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखते. ज्या दिवशी मला पदवी मिळाली त्या दिवशी ते माझ्या चेहऱ्यावर होतं.

मी मनापासून म्हटलं, "चांगलं केलंस." ती म्हणाली, "मी काय केलं? त्यायचं त्यायनं केलं." पण बरं वाटलं होतं तिला. आम्ही थोडं हसलो. डुकरांचा विषय निघाला. तासभर असा गेला की मला वाटलं, झालं, सुटली गाठ.

मग तिने विचारलं, "तुह्या घरी कोण कोण आहे आता?"

साधा प्रश्न. आणि उत्तरही साधं होतं. सासू गेली. नवऱ्याची बदली बिलासपूरला झाली, तो महिन्यातून दोनदा येतो, कधी तेवढाही नाही, आणि आला तरी आम्ही दोघं टीव्हीकडे पाहत जेवतो. मुलगी पुण्याला नोकरीला, फोनवर घाईत असते, जशी मी वाडीत असायचे. मी एकटी असते. चार खोल्या आहेत आणि मी एकटी असते. एवढंच सांगायचं होतं. जगात एकच माणूस होतं ज्याला ते सांगितलं असतं तर पुढचं काही समजवावं लागलं नसतं.

"सगळे मजेत," मी म्हटलं. "पोरगी पुण्याले. मोठ्या कंपनीत."

तिने माझ्याकडे पाहिलं. साडीकडे पाहिलं, हाताकडे, पर्सच्या चेनकडे, जी मी उगाच उघडत-लावत होते. फार वेळ नाही. तिला वेळ लागत नाही.

"बरं," ती म्हणाली.

रस्त्यापर्यंत पोचवायला आली. स्कूटी सुरू होईपर्यंत उभी राहिली. "येत जा," म्हणाली. मी "हाव, येतो न" म्हटलं आणि पुलावर चढले. समोरून ट्रक येत होते, थांबायला जागा नव्हती. थांबायला जागा असती तर मी वळून परत गेले असते असं मी स्वतःला सांगते. पण पूल उतरल्यावर जागा होती. पेट्रोल पंप होता, पुढे मोकळं मैदान होतं. मी घरी आले.

त्याला आता एक वर्ष होत आलं. मध्ये तिचा दिवाळीचा फोन आला. बरी आहेस? बरी आहे. तू?